पहिल्या हाकेला

गोव्यात, सुर्ल्याच्या खाणीच्या वजनकाट्यावर सर्वेशला तीन कामे होती. ट्रक काट्यावर चढला की पडद्यावरचा आकडा टिपायचा, चालकाला पावती द्यायची आणि भोंग्यातून गाडीचा नंबर पुकारायचा. पहिली दोन तो मन लावून करी. तिसऱ्याचे त्याला भय वाटे. त्याचा आवाज मुळातच मंद, ओल्या कापडात गुंडाळलेल्या घंटेसारखा. त्यात बाहेर इंजिनांची घरघर, आणि सगळ्यांवर बसलेली खनिजाची लाल धूळ. ती खिडकीच्या फटीत असे, पावत्यांच्या घडीत असे, कधीकधी डब्यातल्या भातावरही असे.

"काटेवालं, नंबर पुकारताय का बायकूच्या कानात गुपित सांगताय?" कोल्हापूरकडचा ट्रकचालक नितीन खिडकीतून डोके आत घालून विचारी. "आन् बायकू तर न्हाईच तुमास्नी!"

सर्वेश हसे आणि काही बोलत नसे. न बोलण्याची त्याला लहानपणापासून सवय होती. पेडण्याजवळच्या पार्से गावात, काजूच्या झाडांमध्ये दडलेल्या एका घरात तो आणि त्याची आई प्रभावती असे दोघेच राहत आले होते. दोन माणसांच्या घरात फारसे बोलावे लागत नाही. नोकरीसाठी तो सुर्ल्याला खोली घेऊन राहिला, तरी त्याचे मन माणसांपेक्षा शब्दांत अधिक रमे. माणूस समोर आला की काय बोलावे हे सुचत नसे. शब्द समोर आला की हा कुठून आला असेल, कोणाच्या तोंडून कोणाच्या तोंडात गेला असेल, या विचारात त्याची संध्याकाळ सरे.

याच वेडातून त्याने लिस्बनमधल्या एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. विषय जुन्या भाषांचा होता. लेखी परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. उरली होती ती तोंडी. पडद्यावरून चार परक्या माणसांसमोर लातिन उतारे मोठ्याने वाचायचे आणि प्रश्नांना उत्तरे द्यायची. कागदावरची विद्या कागदावर उपयोगी पडली होती. आता आवाज लागणार होता.

म्हणून तो मधुकर मास्तरांकडे गेला.

मास्तरांचे घर गावाच्या टोकाला होते, जिथे पूर्वी रस्ता पुढे जात असे आणि आता खाण सुरू होते. घर नीटनेटके, नुकताच पिवळा रंग दिलेले. दारात अबोलीचे वाफे होते. मागच्या खोलीला मात्र शिंपल्यांच्या तावदानांचे एक जुने जनेल होते, आणि ते थेट खाणीवर उघडे. मुक्तीपूर्वी, शाळकरी वयात, मास्तर पणजीच्या लिसेवमध्ये, पोर्तुगीज सरकारी शाळेत, लातिन शिकले होते. पुढे जन्मभर त्यांनी मराठी शाळेत मुलांना पाढे शिकवले, पण लातिन त्यांच्या जिभेवर तशीच ओली राहिली होती.

"पाव," पहिल्याच रविवारी ते म्हणाले. "पोदेराकडून रोज सकाळी घेतोस ना? पोर्तुगीज त्याला पांव म्हणतात. त्यांना तो दिला लातिननं. पानिस. आणि ज्याच्याबरोबर बसून पाव खायचा तो सोबती, त्यातून झाली इंग्रजांची कंपनी. आता सांग, तुझ्या कंपनीत कोण कोणाबरोबर पाव खातो?"

सर्वेशला हसू आले.

"पगार. त्याचं मूळ पाकारे, म्हणजे शांत करणे. दर महिन्याला कंपनी तुला शांत करते. तुरुंग. त्याचं मूळ त्रुंकुस, म्हणजे झाडाचं खोड. खोड्यात पाय अडकवत ना, ते. मेस्त्री आणि मास्तर दोघेही एकाच मागिस्तेरची लेकरं. एक भिंती बांधतो, एक डोकी." मग त्यांनी मागच्या जनेलाकडे बोट दाखवले. "आणि जनेल. याचं मूळ दाराच्या शब्दात आहे. जनेल म्हणजे लहानसं दार. हे विसरू नकोस. लहान असलं, तरी दारच ते."

सर्वेश भारल्यासारखा ऐकत राही. आयुष्यभर वापरलेली भांडी कोणीतरी उलटी करून त्यांच्या बुडाचा शिक्का दाखवावा, तसे त्याला होई. मास्तरांची पत्नी सुलोचना चहा घेऊन येई. तिला तो माई म्हणू लागला. मेजाभोवती तीन कदेले, लाकडी खुर्च्या, असत. एकावर मास्तर, एकावर तो. तिसरे, जनेलापाशी, रिकामे. पण माई चहाचे तीन कप आणी आणि तिसरा त्या रिकाम्या कदेलासमोर ठेवी.

"नारायणाचा," ती एकदा म्हणाली. "आमचो पूत. पुर्तुगालाक आसा."

चहा थंड होई, वर साय धरे, आणि सर्वेश निघाला की ती तो कप उचलून अबोलीच्या मुळाशी ओती.

एकच गोष्ट त्याला सुरुवातीपासून जड गेली. मास्तर धडा सुरू करण्याआधी हजेरी घेत, त्यांच्या लिसेवमध्ये घेत तशी. नाव पुकारले की विद्यार्थ्याने उभे राहून म्हणायचे, "आद्सुम." मी हजर आहे.

"सर्वेश."

सर्वेश गप्प.

"सर्वेश! झोपलास काय रे?"

"आद्सुम," तो दुसऱ्या वेळी म्हणाला आणि ओशाळला. "मास्तर, सवय आहे. आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत."

ते खरे होते. तिन्हीसांजेला किंवा भर दुपारी कोणी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेला उत्तर द्यायचे नाही. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो, दुसरे काही असेल तर एकदाच मारते, हे त्याच्या आईने त्याला चालायला शिकवण्याआधी शिकवले असावे. आई तर फोनसुद्धा पहिल्या वेळी उचलत नसे. वाजून वाजून बंद होऊ देई, आणि तो पुन्हा वाजला की मग "कोण गो?" म्हणे. बँकेचा माणूस असो की गॅसवाला, सगळ्यांना तिने ही शिस्त लावली होती.

मास्तर हसले नाहीत. "तुझी मुलाखत घेणारे दोनदा नाव घेणार नाहीत," ते म्हणाले. "माझ्या वर्गात पहिल्या हाकेला. नाहीतर येऊ नकोस."

तो शिकला. शरमेने का होईना, शिकला.

मात्र त्या हजेरीतली एक गोष्ट त्याच्या मनात काट्यासारखी राहिली. मास्तर त्याच्या नावाआधी आणखी एक नाव घेत. "नारायण," ते म्हणत, आणि थांबत. एखाद्याला उठून उभे राहायला लागेल इतका वेळ. त्या वेळात स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद पडे. मग मास्तर म्हणत, "सर्वेश," आणि भांडी पुन्हा वाजू लागत. परदेशी गेलेल्या मुलाची आठवण, दुसरे काय, असे त्याने स्वतःला समजावले. पण समजावावे लागले, हेही त्याच्या ध्यानात राहिले.

*

पुढे एका रविवारी मास्तर त्याला खाणीच्या काठावर घेऊन गेले.

खाण पुष्कळ वर्षे बंद होती; काट्यावरून जाई ते जुन्या ढिगाऱ्यांतले खनिज. त्या काळात पावसाने ती भरून टाकली आणि डोंगर होता तिथे तळे झाले, हिरवट, निश्चल, ज्यात गावातली गुरेही तोंड घालत नसत. आता काम पुन्हा सुरू व्हायचे म्हणून पंप लावले होते. पाणी दर आठवड्याला थोडे खाली जाई आणि काठाच्या लाल पायऱ्या एकेक उघड्या पडत. खालच्या पायऱ्या वरच्यांहून गडद होत्या. रविवारी पंप बंद असत. मग त्या खोलगट जागेत इतकी शांतता असे की स्वतःचे गिळणे ऐकू येई.

"इथे ओरड," मास्तर म्हणाले. "आवाज मोकळा होईल. इथे तुला हसायला कोणी नाही."

सर्वेशने आजूबाजूला पाहिले. मग धीर करून ओरडला, "चावी!"

आवाज पाण्यावरून गेला, समोरच्या लाल भिंतीवर आपटला आणि परत आला.

"क्लाविस."

चावीचे लातिन मूळ. त्याने मास्तरांकडे पाहिले. मास्तर समोर पाहत होते.

मग त्याने चमचा पुकारला, "कुलेर!"

"कोक्लेआर," खाण म्हणाली. त्याच्याच आवाजात, पण ओल्या भिंतीतून पाझरल्यासारखे.

"मास्तर, तुम्हाला ऐकू आलं?"

"माझे कान आता कुठे राहिले," मास्तर म्हणाले. "तू ओरडत राहा. छान लागतो आवाज."

त्या रात्री तो तर्क करीत राहिला. हे शब्द त्याला आधीच ठाऊक होते. मनात जे पेरले तेच कानात उगवते, प्रतिध्वनी अस्पष्ट असतो, आणि अस्पष्टाला आपण हवा तो आकार देतो. हे त्याला पटले. पटले, पण सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो एकटा खाणीभोवती हिंडून आला. कोणी लपण्याजोगी जागा, एखादा भोंगा, एखादी तार शोधत. लाल माती, करवंदीची जाळी, पंपाचे जाड नळ. त्यापलीकडे काही नव्हते. मास्तरांचे शिंपल्यांचे जनेल मात्र समोरच्या काठावर उघडे होते, आणि त्यात कोणी उभे आहे की पडदा हलतो आहे, हे इतक्या दुरून कळत नव्हते.

त्याला साक्षीदार हवा होता, आणि ज्याचे मूळ त्याला स्वतःला ठाऊक नाही असा शब्द हवा होता. पुढच्या रविवारी, धड्याच्या वेळेआधी, तो नितीनला घेऊन काठावर आला.

"अलमारी असं ओरडा," तो म्हणाला. अलमारीचे मूळ त्याने मुद्दाम शोधले नव्हते.

"कपाट म्हणा की राव! बायकू गावाकडं तेच मागाय लागलीया," नितीन म्हणाला. मग छाती भरून ओरडला, "अलमारी!"

नितीनचा आवाज भरदार होता, घाटात समोरच्या गाडीला थांबवील असा. परत आला तो आवाज मंद होता.

"आर्मारियुम."

नितीनने मान वळवली. "तुमी बोललासा काय?"

सर्वेशने नकारार्थी मान हलवली. त्याचे ओठ मिटलेले होते आणि नितीन ते पाहत होता.

"आवाज तुमचाच हुता की, काटेवालं."

सर्वेशने फोनवर शोधले. शब्द बरोबर होता.

नितीनने उसने हसून पुन्हा तोंडाशी हात धरले. "भाकरी!"

काहीच परत आले नाही. नुसता प्रतिध्वनीही नाही. शब्द पाण्यावर गेला आणि तिथेच संपला, कोणीतरी तो मुठीत धरावा तसा.

"आई!" नितीन ओरडला. शांतता. "नितीन!" शांतता.

त्याने खिशातून बिडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली. "माझं नाव त्येला ठावं न्हाई," तो म्हणाला. "लई ब्येस झालं. चला माघारी. आन् तुमीबी हितं येत जाऊ नगा."

*

रस्त्यावरच्या बाबलीच्या हॉटेलात सर्वेशने सहज विचारल्यासारखे करून नारायणाचे नाव काढले.

"नारायण? तो पुर्तुगालाक गेलो मरे," बाबली भजी काढता काढता म्हणाला. "खाण पाण्यान भरलेली, त्या वर्सा. बापाशीन ताका लातिन शिकयलेली, थंय शिकूंक जावंचो आसलो. बरो भुरगो. तुज्यासारकोच, वगी, गप्प."

"कोणी त्याला निरोप द्यायला गेलं होतं? विमानतळावर?"

बाबलीचा झारा क्षणभर कढईत थांबला. "मास्तरान सांगलां गेलो म्हूण," तो म्हणाला. "मास्तर कित्याक खोटें सांगतलो?"

"फोन येतो त्याचा?"

"आमकां कित्याक येतलो?" बाबली म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

यापुढे सर्वेशला प्रत्येक गोष्टीचा संशय येऊ लागला. तिसऱ्या कपाचा, त्या रिकाम्या कदेलाचा, जनेल कधीच न लावण्याचा. मास्तर त्याच्याकडे पाहत तेव्हा ते त्याच्याकडे पाहत आहेत की त्याच्या गळ्याकडे, याचाही. पण मुलाखत जवळ आली होती. दुसरा शिक्षक नव्हता. आणि खरे सांगायचे तर ते शब्द त्याला ओढत होते. आपण बोलतो त्या प्रत्येक शब्दाखाली आणखी एक शब्द पडून आहे, आणि त्या खालच्या शब्दात कोणीतरी अजून बोलते आहे, या विचाराने त्याला भीती वाटे आणि सुखही.

मग त्याचा आवाज बसू लागला.

आधी त्याला वाटले, धूळ. मग काट्यावर चालक ओरडू लागले, "नंबर ऐकू येत नाही!" भोंग्याची कळ पूर्ण फिरवली तरी आतून नुसती फुंकर गेल्यासारखे होई. डिचोलीच्या डॉक्टरांनी घशात उजेड टाकून पाहिला. सगळे साफ होते. मिठाच्या गुळण्या करा, म्हणाले.

नितीनने पावती घेताना त्याच्याकडे रोखून पाहिले. आता तो चेष्टा करीत नसे.

आईने फोनवर ओळखले. अर्थात दुसऱ्या वेळी उचलल्यावर. "सर्वेशा, घसो बसलो तुजो? लांब खंय तरी बोलतस असा वाटता रे."

"जवळच आहे, आई," तो म्हणाला.

"जेवलंस मां? आनी दुपारचो भायर फिरा नको. पयल्या हाकेक ओ दिव नको हां."

कितीतरी रविवार तो पहिल्याच हाकेला ओ देत आला होता.

पुढच्याच रविवारी हजेरीच्या वेळी मास्तर म्हणाले, "नारायण," आणि थांबले. स्वयंपाकघर गप्प झाले. त्या शांततेत, जनेलातून, खूप खालून, काहीतरी आत आले. वारा शिंपल्यांवर घासावा इतके हलके. शब्द कळला नाही. पण शब्द होता.

मास्तरांच्या चेहऱ्यावर असे काही उमटले की सर्वेशने मान खाली घातली. दुसऱ्याच्या देवघरात चुकून डोकावल्यासारखे त्याला झाले.

"सर्वेश," मास्तर म्हणाले.

"आद्सुम," त्याच्या तोंडून निघून गेले, आणि घशात काहीतरी आणखी थोडे रिकामे झाले. त्याला ते स्पष्ट जाणवले, भांड्यातून पाणी ओतले जावे तसे.

निघताना माई दारापर्यंत आली. अबोलीत चहा ओतत, त्याच्याकडे न पाहता तिने विचारले, "पुता, घरा कोण आसा तुजें?"

"आई."

"आनीक कोण?"

"कोणी नाही."

तिने रिकामा कप छातीशी धरला.

*

मुलाखतीआधीच्या शेवटच्या रविवारी सर्वेश गेला तो धडा घ्यायला नव्हे. यापुढे येत नाही, एवढे सांगायचे, आणि परतायचे, असे त्याने ठरवले होते. संध्याकाळच्या बसने पार्शाला जायचे, आईच्या हातचा काढा प्यायचा, जो काही आवाज उरला आहे तो जपून पडद्यासमोर बसायचे.

घरात कोणी नव्हते. मास्तर खाणीच्या काठावर उभे होते. त्यांनी तिथे कदेल नेऊन ठेवले होते. तिसरे कदेल.

भर दुपार होती. सावल्या पायांखाली गेल्या होत्या. पाणी आता फार खाली उतरले होते. शेवटच्या लाल पायऱ्या ओल्या, जवळजवळ काळ्या, आणि त्यांच्यावरून वर येणारी एक पायवाट उघडी पडली होती. इतकी वर्षे पाण्याखाली असून ती बुजली नव्हती.

"मास्तर," तो म्हणाला. आवाज म्हणावा असे त्यात काही नव्हते. "मी यापुढे येणार नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. "आज फक्त हजेरी."

ते खाणीकडे वळले. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या छातीतून निघू नये असा आवाज त्यांनी काढला.

"नारायण!"

तळातून, काही क्षणांनी, एक तरुण, स्वच्छ आवाज आला.

"आद्सुम."

तो प्रतिध्वनी नव्हता. सर्वेशने तो आवाज पूर्वी कधीच ऐकला नव्हता.

मास्तरांच्या गालांवरून पाणी ओघळत होते. ते त्यांनी पुसले नाही. "एक तरी हजर लागतो," ते हळूच म्हणाले. "एक हजर असला, की दुसऱ्याला घरी सोडता येतं. फक्त एकदाच म्हण. मन लावून."

मग त्यांनी तोंड खाणीकडेच ठेवून हाक मारली.

"सर्वेश!"

शब्द त्याच्या जिभेवर आला. इतक्या रविवारांची सवय. ओठ उघडू लागले. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले.

खाण वाट पाहत होती.

मास्तरही.

त्यांना पुन्हा हाक मारायची होती, हे त्यांच्या गळ्याच्या हालचालीवरून दिसत होते. पण ती मारता येत नव्हती.

"सर्वेशा!"

ही हाक मागून आली होती. तो हलला नाही.

"सर्वेशा!"

दोनदा. तो वळला. माई करवंदीच्या जाळीपाशी उभी होती, पदर सुटलेला, धावून दमलेली.

"ओ," तो म्हणाला.

तेवढे निघाले. त्यानंतर घशात काहीच उरले नाही.

"घरा वच, पुता," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "दुसऱ्या आवयचो पूत तो. ताची आवय वाट पळयता." आणि तिथेच लाल मातीत बसून ती रडू लागली. मास्तरांनी तिला उठवले नाही. ते रिकाम्या कदेलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

सर्वेश धावत सुटला. मागे, खूप खाली, ओल्या पायरीवर पाय पडावा तसा एक आवाज झाला. त्याने वळून पाहिले नाही.

*

डिचोलीहून म्हापसे, म्हापशाहून पेडणे. वाहकाने कुठे म्हणून विचारले तेव्हा त्याने फोनवर गावाचे नाव लिहून दाखवले. वाहकाने सहानुभूतीने तिकीट दिले. बसच्या खिडकीतून कोलवाळचा पूल गेला, नदीवरचे ऊन गेले. मी ओ दिली नाही, तो मनात म्हणत होता. मी दिली नाही. आवाज येईल परत. आईने हाक मारली की येईल.

पार्शाला उतरला तेव्हा ऊन कलले होते. अंगणात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या. स्वयंपाकघरातून धूर येत होता आणि चुलीपाशी आईची पाठ दिसत होती. पुढचे जनेल उघडे होते. आई ते या वेळी कधी उघडे ठेवत नसे. त्याच्या चौकटीवर लाल मातीचा एक ओला पट्टा होता.

फाटकाचा आवाज झाला असावा. पाठमोऱ्या आईने हाक मारली.

"सर्वेशा!"

तो जागच्या जागी थांबला. हसूही आले त्याला. लहानपणी खेळून आला की असाच थांबत असे, दुसऱ्या हाकेसाठी. त्याने श्वास घेतला, ओठ तयार ठेवले.

घरातून, मधल्या खोलीतून, एक मंद आवाज आला. ओल्या कापडात गुंडाळलेल्या घंटेसारखा.

"आद्सुम."

"मेल्या," आई आतून म्हणाली, तिच्या आवाजात राग होता आणि लाडही, "पयल्याच हाकेक? किती फावट सांगला तुका! आनी घसो बरो झालो मरे तुजो. ये, पेज गरम आसा, बस."

कदेल ओढल्याचा आवाज झाला. वाटीत कुलेर वाजली.

सर्वेश अंगणात उभा होता. त्याने तोंड उघडले. मग मिटले, आणि वाट पाहिली.

दुसरी हाक आली नाही.